पाणी राखायचे की सोडायचे?

सकाळी उठल्याबरोबर दोन लिटर पाणी प्यायले की मूत्रपिंडे ‘धुऊन निघतात’, असा सल्ला मोबाइलवर सर्रास फिरत असतो. निरोगी प्रौढाची मूत्रपिंडे रक्तातून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ ९९ टक्के परत रक्तात घेतात. तिथे आणखी दोन लिटरांनी वेगळे असे काय धुतले जाणार? गाळलेल्या द्रवातले बरेचसे पाणी आपोआपच परत येते. उरलेल्यातले किती राखायचे, हे मात्र मेंदूच्या हुकमावर ठरते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला रक्तातील क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी कळते. मग तहान लागते आणि पीयूष ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन हे अवघ्या ९ अमिनो आम्लांचे संप्रेरक रक्तात उतरते.

त्याची खरी करामत दिसते ती मूत्रपिंडातील संग्राहक नलिकेत. व्हॅसोप्रेसिन नलिकेच्या पेशीला रक्ताच्या बाजूने चिकटते, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पोहोचवणारा रेणू वाढतो आणि आत सूक्ष्म पिशव्यांत राखून ठेवलेली अ‍ॅक्वापोरिन-२ ही प्रथिने नलिकेच्या पोकळीकडच्या, म्हणजे मूत्राच्या बाजूच्या, पटलात जाऊन बसतात. प्रत्येक प्रथिनातील वाट इतकी अरुंद असते की पाण्याचे रेणू एकामागोमाग एकच जातात आणि क्षारांना शिरकाव मिळत नाही. पाणी ओढले जाते ते परासरणाने, म्हणजे कमी तीव्रतेकडून जास्त तीव्रतेकडे, कारण मूत्रपिंडाच्या खोल भागात क्षार आणि युरिया यांची तीव्रता रक्ताच्या चौपटीपर्यंत पोहोचते. संप्रेरक ओसरले की प्रथिने पुन्हा पेशीच्या आत घेतली जातात आणि लघवी पातळ होते.

अशा वाटा असतात हे अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर अ‍ॅग्रे यांच्या गटाने १९९२मध्ये दाखवले. अ‍ॅक्वापोरिन-१ हे याच कुळातले प्रथिन बनवण्याचा संदेश वाहणारा आरएनए टोचलेली बेडकाची अंडपेशी त्यांनी सौम्य द्रावणात ठेवली, तेव्हा ती काही मिनिटांत फुगून फुटली. साधी अंडपेशी जवळपास तशीच राहिली. अ‍ॅग्रे यांना २००३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

अल्डोस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक सोडियम राखते, आणि त्यामागून पाणीही राहते. मद्याने व्हॅसोप्रेसिन दबते, म्हणून मद्यपानानंतर लघवी वाढते. याउलट मॅरेथॉनसारख्या दीर्घ श्रमात रक्त पातळ होत असतानाही व्हॅसोप्रेसिन पाझरत राहू शकते. अशा वेळी तहान नसताना पाणी रिचवत राहिल्यास ते बाहेर पडत नाही, रक्तातील सोडियम घसरते आणि मेंदूच्या पेशींना सूज येऊन जीवही धोक्यात येतो.