मेन्साचं 98 आणि मार्कलिस्टवरचं 98

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा निकाल लागला की बेळगावात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "सर, पोराला 98 टक्के पडलेत. मेन्सात 98 वाल्यांना घेतात म्हणे, अर्ज कुठं भरायचा?" खानापूर-निपाणीहून येणारे पालक हे विचारतात, टिळकवाडीतल्या चांगल्या शिकलेल्या घरांतूनही हेच विचारलं जातं. मेन्सा म्हणजे बुद्धिमापन चाचणीत वरच्या दोन टक्क्यांत येणाऱ्यांची संघटना, आणि तिथलं 98 हे टक्के नसून पर्सेंटाइल. ही दोन 98 एकमेकांची कुणी लागत नाहीत. हा घोळ आता थांबावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यापायी पोरं स्वतःला उगाच थोर नाहीतर उगाच सामान्य समजायला लागतात.

टक्क्यांवर वेळ घालवत नाही. 625 पैकी 613 म्हणजे 98 टक्के, हा हिशेब आपल्याकडं सगळ्यांना तोंडपाठ आहे. ध्यानात एवढंच ठेवायचं, की हा आकडा काढायला दुसऱ्या कुणाची गरज पडत नाही. पेपर, उत्तरं आणि एक भागाकार. त्या वर्षी अख्ख्या कर्नाटकात तुमचा एकटाच मुलगा परीक्षेला बसला असता, तरी त्याचे 98 टक्के 98 च राहिले असते.

पर्सेंटाइलला मात्र इतर माणसं लागतात. शाळेच्या पटांगणात शंभर मुलं गुणांच्या क्रमानं एका रांगेत उभी करा. ज्या मुलीच्या मागं 98 जण उभे आहेत, ती साधारण 98 पर्सेंटाइलला आहे. तिला गुण किती, हे या आकड्यातून कळतच नाही. पेपर अवघड निघाला असेल तर तिला शंभरपैकी 45 च असतील. उलट पेपर इतका सोपा निघाला, की निम्म्याहून जास्त मुलांनी पैकीच्या पैकी घेतले, तर 98 टक्के मिळवलेलं पोर रांगेच्या मागच्या अर्ध्या भागात उभं असेल. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या जेईई मेन परीक्षेला 300 पैकी निम्म्याच्या आसपास गुण घेऊनही मुलं नव्वदीच्या वरचं पर्सेंटाइल आणतात, ते याच कारणानं. तिथं कुणी गुण फुगवलेले नसतात.

आपल्या सीमाभागात हा घोळ जास्त का होतो, तेही सांगतो. एकाच घरात एसएसएलसीचे टक्के असतात, केसीईटीचा, म्हणजे कर्नाटकाच्या प्रवेश परीक्षेचा रँक असतो आणि सीमाभागातल्या मराठी मुलांसाठीच्या तरतुदीतून महाराष्ट्रात प्रवेश घ्यायचा असेल, तर एमएचटी-सीईटी या तिथल्या प्रवेश परीक्षेचं पर्सेंटाइल असतं. तिन्ही कागद एकाच फायलीत राहतात आणि 98 हा आकडा एका कागदावरून दुसऱ्यावर अलगद सरकतो.

इथवर बऱ्याच जणांना पटतं. पण लगेच पुढचा प्रश्न येतो: "मग सीईटीला 98 पर्सेंटाइल आहे, ते तरी चालेल की नाही?" तेही चालत नाही, आणि खरी ठेच इथंच लागते. पर्सेंटाइल कानावर पडलं की पहिल्यांदा विचारायचं, रांग कुणाची? सीईटीच्या रांगेत सायन्स घेतलेली, फॉर्म भरलेली, दोन वर्षं क्लासला जाऊन तयारी केलेली मुलं असतात. मेन्साच्या चाचणीची रांग त्या वयाच्या सर्वसाधारण लोकांची: शिकलेले, न शिकलेले, गणितात रमणारे आणि गणिताला घाबरणारे, सगळे. मोजलं जातं तेही वेगळं. सीईटी शिकलेला अभ्यासक्रम तपासते. बुद्धिमापनाच्या कागदावर, निदान आकृत्यांच्या प्रकारात, तीन आडव्या आणि तीन उभ्या ओळींचा चौकोन असतो. आठ घरांत आकृत्या, नववं रिकामं. पहिल्या ओळीत ठिपका दर घरात एक कोपरा पुढं सरकतो, त्याच वेळी आतली रेघ जाड होत जाते. दोन्ही नियम एकदम धरले तरच खालच्या पर्यायांतला बरोबर तुकडा सापडतो. तिथं कन्नड, मराठी, इंग्रजी यातलं काही वाचावं लागत नाही. जॉन रेव्हननं 1938 मध्ये काढलेल्या चाचण्या याच धर्तीच्या आहेत.

त्यामुळं सीईटीला 99 असलेला मुलगा मेन्साच्या चाचणीत राहून जाऊ शकतो, आणि एसएसएलसीला 60 टक्क्यांवर थांबलेली मुलगी आत जाऊ शकते. दोन्हींत अन्याय काही नाही.

आता आयक्यूच्या, म्हणजे बुद्ध्यांकाच्या आकड्याबद्दल. "आमच्या पुतण्याचा आयक्यू 148 आहे" असं कुणी सांगितलं, की कुठल्या चाचणीवर, हे विचारल्याशिवाय मी मान डोलावत नाही. सरासरी 100 धरून 15 च्या पसाऱ्यानं (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, इंग्रजीत स्टँडर्ड डेव्हिएशन) मोजणाऱ्या चाचणीत वरच्या दोन टक्क्यांचा उंबरा 131 च्या आसपास येतो. मानसशास्त्रज्ञ कॅटेलच्या 24 च्या पसाऱ्याच्या मोजमापात तोच उंबरा 148 ला येतो. माणूस तोच, रांगेतली जागा तीच, आकड्यात सतराचा फरक. म्हणून मेन्सा आकड्याऐवजी जागा धरते: मान्यताप्राप्त चाचणीत वरचे दोन टक्के.

आपल्या भागात आणखी एक गुंता आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेच्या बुद्धिमापन चाचणीवरून व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी चाचणी बसवली आणि 1934 मध्ये तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. बिने-कामत चाचणी म्हणतात ती हीच. इथल्या दोन्ही भाषांतल्या मुलांचा इतक्या आधी विचार झाला, याचा मला फार अभिमान आहे. पण तिच्यात मानसिक वयाला खऱ्या वयानं भागून शंभरनं गुणतात. ते गुणोत्तर झालं, रांगेतली जागा नव्हे. शिवाय मानकं, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची ते आकडे, जुनी झाली की आजच्या मुलांचे आकडे चढे दिसतात. डॉक्टरांनी मूल कुठं अडतंय हे पाहण्यासाठी काढलेला आकडा क्लबच्या दारात नाचवू नये.

फी, फॉर्म, वयाची अट ही किरकोळ कामं, चौकशी केली की कळतात. मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषा मात्र विसरा. चाचणी देखरेखीखालीच द्यावी लागते. आयक्यूचे क्लास लावणं मला साफ नामंजूर आहे: तोच प्रकार पुन्हा पुन्हा सोडवला की गुण वाढतात, बुद्धी होती तिथंच राहते.

आत गेल्यावर काय मिळतं, हे तर कुणी विचारतच नाही. मेन्सा 1946 मध्ये ऑक्सफर्डला रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर यांनी सुरू केली, ती एकत्र बसून बोलण्यासाठी. तिथं पदवी नाही, नोकरी नाही, शिष्यवृत्तीची हमी नाही. मुलाच्या बुद्धीला वळण लावायचं असेल तर तो शिक्षणसंस्थेचा प्रांत. आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये पुण्यात ज्ञानप्रबोधिनी काढली ती त्यासाठी. मेन्सा संस्था म्हणून कुठल्याही प्रश्नावर बाजू घेत नाही, हेही आपल्या भागात आधीच सांगितलेलं बरं.

आणि वरचे दोन टक्के म्हणजे पन्नासात एक. 2011 च्या जनगणनेत बेळगाव शहराची वस्ती 4.88 लाख होती. नुसत्या हिशेबानं या एका गावात नऊ-दहा हजार माणसं त्या उंबऱ्याच्या आत बसतात. त्यातली कितीतरी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत असतील, वडगावात मागावर असतील. कार्डाचा फोटो स्टेटसला लावून "जीनियस" लिहिणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करावा. गप्पांची भूक असेल तर जरूर जा, मी स्वतः पोरांना पाठवतो. मार्कलिस्टला जोडायला आणखी एक कागद हवा असेल, तर तो प्रवासखर्च वाचवा.

मुलाची चाचणी कुणाकडूनही करून घेतलीत, तरी अहवालावर चाचणीचं नाव, तारीख, आकडा कुठल्या पसाऱ्यावरचा आहे आणि पर्सेंटाइल किती, हे लिहून मागा. खाली चाचणी घेणाऱ्याची सही हवी. नुसता आयक्यू लिहून दिला, तर तिथल्या तिथं परत द्या आणि बाकीचं भरून घ्या.