दर बेचाळीस सेकंदांनी एक हिसका

"आता येईल बघ," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. दोन सेकंदांत पडद्यावरचं चित्र किंचित अडखळलं आणि पुन्हा सरळ चालू लागलं.

टीव्हीला जोडलेल्या छोट्या कॉम्प्युटरवर, म्हणजे मिनी पीसीवर, सिनेमा लावला होता आणि त्यात कॅमेरा शेताच्या बांधावरून सावकाश सरकत होता. अशा दृश्यात एवढीशी अडखळही डोळ्याला टोचते. पण ती यायच्या आधी हात वर करायचा म्हणजे कमालच होती. बाबा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. "बेचाळीस. मघाशी पण बेचाळीसच होते."

बाबांची सगळी नोकरी छापखान्यात, ऑफसेट मशीनवर गेली. रिळाच्या कागदावर छपाई चालू असताना एखादा ठिपका सारखा उमटायला लागला, तर ते आधी पट्टी घेऊन दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजायचे. ते अंतर ज्या रोलरच्या परिघाएवढं भरेल, त्या रोलरला काहीतरी चिकटलेलं असायचं. बाकी मशीन उघडायचं कारणच नाही. मी मात्र तीन रविवार रॅम वाढव, केबल बदल, सगळं पुसून परत टाक, असं करत बसलो होतो.

हा मिनी पीसी म्हणजे एका ऑफिसातून निघालेला, सेकंडहँड घेतलेला, जाडजूड डायरीएवढा डबा. आत इंटेलची सातव्या पिढीची दोन कोरची चिप. टीव्ही फुल एचडी, सिनेमे चालवायला कोडी नावाचा प्लेयर. ताकद कमी पडतेय अशीच माझी समजूत होती, कारण आपल्याला कॉम्प्युटर अडखळला की तेच सुचतं. पण ताकद कमी पडली तर चित्र कसंही, केव्हाही अडखळेल. घड्याळ लावल्यासारखं अडखळणार नाही. नियमाने येणारा हिसका हा हिशेब चुकल्याचा असतो.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्हीचा पडदा सहसा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. साठाला चोविसाने भागलं की अडीच येतात, आणि अर्धं चित्र काही दाखवता येत नाही. म्हणून कॉम्प्युटर एक चित्र दोनदा दाखवतो, पुढचं तीनदा, त्याच्या पुढचं परत दोनदा. म्हणजे एक चित्र ३३ मिलिसेकंद राहतं आणि दुसरं ५०. माणसं बसून बोलत असली तर कुणाला पत्ता लागत नाही. कॅमेरा सरकला की मात्र झाडं, खांब, घरं लंगडत चालल्यासारखी दिसतात. आमच्याकडे आधी हाच प्रकार होता. ही लंगड इतकी सतत असते की ती मोजता येत नाही, डोळ्यांना फक्त 'काहीतरी बरोबर नाही' असं वाटत राहतं.

यावर इलाज सोपा आहे. सिनेमा चालू असेपर्यंत टीव्हीलाच २४ वर आणायचं. कोडीत प्लेयरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' नावाची सोय आहे. ती चालू केली की प्लेयर फाइल बघून पडद्याचा वेग बदलतो आणि सिनेमा संपला की पूर्ववत करतो. बदलताना एक-दोन सेकंद पडदा काळा होतो, कारण पीसी आणि टीव्ही यांची एचडीएमआयवरची बोलणी नव्याने होतात. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "वीज गेली का रे?" तेवढ्या वेळात सिनेमाची सुरुवात निसटू नये म्हणून थोडं थांबण्याची वेगळी सेटिंगही आहे.

पण मी शहाणपणा केला होता. प्लेयरवर सोडायच्या ऐवजी विंडोजच्या यादीत जाऊन स्वतःच वेग निवडला. यादीत २३ होतं आणि २४ होतं. २३ हा आकडा मला छापायला चुकलेला वाटला. सिनेमा चोवीसचा, मग २४च निवडणार ना कुणीही!

तो २३ म्हणजे खरं तर २३.९७६. आणि घरी बघायच्या बहुतेक सिनेमांच्या फाइली नेमक्या याच वेगाच्या असतात. हा विचित्र आकडा कुठून आला, तर १९५३ सालच्या अमेरिकेतून.

तिथे तेव्हा टीव्ही कृष्णधवल होता. सेकंदाला ३० चित्रं, प्रत्येक चित्रात ५२५ ओळी, म्हणजे सेकंदाला १५,७५० ओळी. आवाज वाहून आणणारी रेडिओ लहर, म्हणजे वाहक लहर, चित्राच्या लहरीपासून ४.५ मेगाहर्ट्झ (सेकंदाला ४५ लाख कंपनं) दूर ठेवलेली. मग रंग आणायचा ठरला, आणि तोही असा की घराघरातले जुने संच निकामी होता कामा नयेत. रंगासाठी आणखी एक वाहक लहर त्याच जागेत कोंबावी लागली. अडचण ही, की रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर सरकती जाळी दिसायची. ४५ लाखाला १५,७५० ने भागलं तर २८५.७ येतात. ही संख्या पूर्ण असती तर जाळी डोळ्याला जाणवेनाशी झाली असती. आवाजाच्या लहरीला हात लावला तर जुन्या संचांचा आवाज बिघडायचा धोका. म्हणून इंजिनिअरांनी ओळींचाच वेग एक हजार एकांश भागाने कमी केला. भागाकार बरोबर २८६ आला, जाळी विरली, आणि तीसची झाली २९.९७ चित्रं. त्या टीव्हीवर दाखवायचा सिनेमाही त्याच प्रमाणात मंद करावा लागला, तो झाला २३.९७६. नेमकं सांगायचं तर २४,००० भागिले १,००१. त्या संचांच्या पिक्चर ट्यूब कधीच भंगारात गेल्या, आकडा मात्र पुढच्या प्रत्येक यंत्राने हुंड्यासारखा पदरात घेतला. चित्रपटगृहातली डिजिटल प्रत बरोबर २४ची असते, घरी येईपर्यंत तिचे पाय जरा जड होतात.

आता बाबांचे बेचाळीस सेकंद. फाइलमधली हजार चित्रं संपेपर्यंत माझ्या टीव्हीचे १,००१ ठोके पडत होते. एक ठोका जास्तीचा, त्याला चित्र नाही. मग एखादं चित्र नाइलाजाने दोनदा दाखवलं जाई, ४२ ऐवजी ८३ मिलिसेकंद. १,००१ ला २४ ने भागा, उत्तर ४१.७ सेकंद. अडीच तासांच्या सिनेमात असे २१५ हिसके. यादीत २३ निवडलं आणि बाबा तासभर घड्याळ धरून बसले. हिसका आला नाही. ते थोडे हिरमुसलेच.

आपल्याकडे हे गणित आणखी एका बाजूने येतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे टीव्हीही त्या हिशेबाने आला, सेकंदाला २५ चित्रांचा, पाल पद्धतीचा. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं ते याच पद्धतीने. पाल टीव्हीवर २४चा सिनेमा दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे तो सरळ २५ने पळवायचा. अडीच तासांचा सिनेमा मग १४४ मिनिटांत संपतो आणि सगळे सूर चढतात, सा आणि कोमल रे यांच्यात जेवढं अंतर आहे त्याच्या सुमारे सत्तर टक्के. एखादं जुनं गाणं टीव्हीवरून टेप केलेलं ऐकताना पेटीशी जुळत नसेल तर गायकाला बोल लावायच्या आधी हे तपासावं.

बाबांकडे मराठी नाटकांच्या व्हीसीडींची थप्पी आहे. एका नाटकाला दोन-तीन चकत्या, आणि मधे उठून चकती बदलायची. त्या मी हार्ड डिस्कवर उतरवल्या. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे आजच्या पडद्यावर टपाल तिकीट ताणल्यासारखं. पण वेग २५. हे ६०च्या पडद्यावर लावलं तर चित्रं दोन, दोन, तीन, दोन, तीन अशी वाटली जातात, आणि रंगमंचावर कुणी चालत गेलं तर पायात खडा रुतल्यासारखं दिसतं. टीव्ही ५०वर आणला की प्रत्येक चित्र बरोबर दोनदा. ठिपके वाढत नाहीत, पण चाल सुधारते, आणि ती सुधारली की ठिपक्यांचं फारसं वाटत नाही असा माझा अनुभव.

पुढची तक्रार भाच्याची. त्याच्या काही फाइली पहिली वीस-पंचवीस मिनिटं व्यवस्थित चालायच्या आणि मग गचके खायच्या. नियमाने नाही, कसेही. पण सुरू व्हायची वेळ ठरलेली. म्हणजे तापण्याचा वेळ. डब्यावर हात ठेवला तर तवा.

कोडीत व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरचं 'ओ' दाबलं की चित्र कोण उलगडतंय ते पडद्यावर दिसतं. जागा वाचवायला दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडायला ग्राफिक्स चिपमध्ये खास त्याच कामाचं सर्किट असतं. चकलीचा सोऱ्या असतो ना, तसंच. योग्य चकती बसवली की भराभर चकल्या पडतात, हात दुखत नाहीत. पण चकती हवी. भाच्याच्या फाइली एव्ही१ या पद्धतीने दाबलेल्या होत्या. ती पद्धत जाहीर झाली २०१८ साली, माझी चिप २०१७ची. तिच्या सोऱ्याला ती चकती असणार कुठून? मग मुख्य प्रोसेसर प्रत्येक चकली हाताने वळत बसायचा, तापायचा, आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करायचा. त्यात मी डबा ठेवला होता टीव्हीखालच्या बंद कपाटात. बाहेर काढला, पंख्यात कित्येक वर्षांची ऑफिसची धूळ होती ती ब्रशने झाडली, चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खपली झाली होती ती पुसून नवीन लावली. गचके गेले. तरी नवीन घेणाऱ्याला माझा सल्ला वेगळा असेल. २०२३ची एन१०० ही चिप बेताचीच, ६ वॅटच्या वर्गातली, पण तिच्यात एव्ही१ची चकती आहे, आणि या कामात ती माझ्या जुन्या ३५ वॅटच्या चिपला बसल्या जागी हरवते.

रिमोटचं कोडं मला सगळ्यात आवडलं. रिमोट म्हणून छोटा वायरलेस कीबोर्ड आहे, त्याचे सिग्नल पकडणारा नखाएवढा डोंगल पीसीच्या मागे लावलेला. बाबांचं निरीक्षण असं: "मेनूत असताना ऐकतो, सिनेमा लागला की बहिरा होतो." सेल बदलून झाले. पण सिनेमा लागल्यावर असं काय वेगळं होतं? हार्ड डिस्क वाचायला लागते. ती यूएसबी ३ची, आणि तिची पिन डोंगलच्या अगदी शेजारच्या खाचेत. यूएसबी ३ सेकंदाला ५ अब्ज बिट ढकलते आणि त्या धांदलीत पिनेपाशी, केबलपाशी रेडिओ लहरींचा गोंगाट सांडतो. तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, जिथे हे डोंगल आणि जुनं वायफाय बोलत असतात. इंटेलनेच २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. अर्ध्या मीटरची एक्स्टेंशन केबल आणून डोंगल टीव्हीच्या पुढच्या बाजूला चिकटवला. शंभर रुपयांच्या आत काम झालं. वायफायवरून सिनेमा बघणाऱ्यांनी त्याच कारणाने ५ गिगाहर्ट्झवर जावं, किंवा सरळ केबल ओढावी.

रंगांची एक चूक मात्र घड्याळाने सापडत नाही. कॉम्प्युटर काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५ मानतो. व्हिडिओच्या जगात काळा १६वर आणि पांढरा २३५वर असतो. पीसी एक भाषा बोलला आणि टीव्हीने दुसरी ऐकली, की दोनपैकी एक होतं. एक तर काळा रंग राखेसारखा होतो आणि सगळ्या सिनेमावर धुकं पसरतं. नाहीतर उलट. आमच्याकडे उलट होतं. रात्रीच्या दृश्यात नायिकेची वेणी, खांद्यावरचा काळा पदर आणि मागची भिंत मिळून एकच डांबराचा गोळा. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'फुल' आणि 'लिमिटेड' असे पर्याय असतात, टीव्हीतही 'ब्लॅक लेव्हल' किंवा तत्सम नावाचा पर्याय असतो. दोन्ही एकाच भाषेवर आणल्यावर वेणीचे पेड दिसले. आईला त्या दृश्यात मागे खिडकी आहे हे पहिल्यांदाच कळलं.

राहिला आवाज. टीव्ही चित्रावर स्वतःचे संस्कार करतो, त्यात सेकंदाचा छोटासा भाग जातो. आवाज मात्र पीसीतून थेट स्पीकरला गेला तर आधी पोचतो. आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला जाणवायला लागतं, उशिरा आला तर साधारण १२५पर्यंत लक्षात येत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. ते साहजिकच आहे. आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर चालतो, त्यामुळे नदीपलीकडे कपडे आपटणाऱ्या बाईचा हात आधी दिसतो आणि धप् नंतर ऐकू येतं, याची डोक्याला सवय आहे. धप् आधी आणि हात नंतर असं निसर्गात कधी होतच नाही. म्हणून टीव्हीतली चित्र गुळगुळीत करण्याची करामत आधी बंद करावी. तिने सिनेमा मालिकेसारखा दिसतो तो वेगळाच वैताग. मग उरलेला फरक प्लेयरच्या 'ऑडिओ ऑफसेट'मध्ये भरावा. आमच्याकडे आवाज १०० मिलिसेकंद मागे ढकलल्यावर सगळ्यांचे ओठ जुळले.

एका नाटकाचे सोडून. आईने तिसऱ्या अंकात तक्रार केली, मी आकडा मागे-पुढे करत राहिलो, बाबा घड्याळ काढून बसले. काही जमेना. शेवटी बाबांनी माळ्यावरून मूळ चकती आणि जुना व्हीसीडी प्लेयर काढून लावून बघितला. नट तोंड मिटायचा आणि मग वाक्य यायचं. ते चकतीतच होतं.