पार्श्वभूमी : ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीचा पुसलेला इतिहास

१६ सप्टेंबर १९५६ च्या रात्री सिडनीच्या टीसीएन-९ वाहिनीवर ब्रूस जिंजल नावाचा तरुण निवेदक आला आणि त्याने प्रेक्षकांचे टेलिव्हिजनवर स्वागत केले. ऑस्ट्रेलियातल्या नियमित टीव्ही प्रसारणाची सुरुवात तीच. टीव्हीचा कुठलाही वर्धापनदिन आला की ते स्वागत हमखास दाखवले जाते. मात्र जे दाखवतात ते त्या रात्रीचे नव्हे. पहिल्या रात्रीचे प्रसारण जपलेच गेले नाही. आज दिसते ते वर्षभराने पुन्हा उभे करून केलेले चित्रीकरण आहे. त्या देशातल्या टीव्हीच्या आठवणी समजून घ्यायच्या तर सुरुवात इथूनच करायला हवी, कारण लोकांच्या मनात ठसलेले बरेच काही आता फक्त मनातच उरले आहे.

१९५६ सालीच टीव्ही येण्यामागे मेलबर्न ऑलिंपिकची निकड होती. २२ नोव्हेंबरला स्पर्धा सुरू होणार होती आणि सिडनी-मेलबर्नच्या वाहिन्या एकामागून एक घाईने सुरू झाल्या. मेलबर्नमध्ये एचएसव्ही-७ ने ४ नोव्हेंबरला सुरुवात केली, सरकारी एबीसी ५ नोव्हेंबरला सिडनीत आणि १९ नोव्हेंबरला मेलबर्नमध्ये दिसू लागली. टीव्ही संचाची किंमत साध्या कामगाराच्या कित्येक आठवड्यांच्या पगाराइतकी, वर परवान्याचे पाच पौंड. त्यामुळे बहुतेकांनी ऑलिंपिक पाहिले ते दुकानांच्या काचांबाहेर गर्दी करून, नाहीतर शेजाऱ्याच्या बैठकीत. सिडनीकरांना तर मेलबर्नहून चित्रफिती विमानाने येईपर्यंत थांबावे लागे.

हे अंतर फार महत्त्वाचे आहे. दोन्ही शहरे जोडणारी, टीव्हीचे चित्र वाहून नेणारी कोअ‍ॅक्सियल केबल १९६२ मध्ये आली. तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, प्रत्येक शहराचा टीव्ही वेगळा होता. ॲडलेड, ब्रिस्बेन आणि पर्थला १९५९ मध्ये टीव्ही पोचला, होबार्टला १९६० मध्ये, डार्विनला थेट १९७१ मध्ये. म्हणून ऑस्ट्रेलियन माणूस टीव्हीच्या आठवणी सांगू लागला की आधी त्याचे गाव विचारावे. मेलबर्नकर असेल तर तो ग्रॅहम केनेडीचे नाव घेणारच. मे १९५७ पासून जीटीव्ही-९ वर केनेडीचा रात्रीचा कार्यक्रम आठवड्यातून पाच रात्री जिवंत प्रसारित व्हायचा. रिचमंड भागातल्या ज्या इमारतीत हा स्टुडिओ होता तिथे आधी पियानो बनत आणि नंतर डबाबंद खाद्यपदार्थ. केनेडी चालू कार्यक्रमात प्रायोजकांच्या जाहिरातींची खुशाल टर उडवत असे, आणि त्यासाठीच लोक जागत. त्याला ‘किंग’ म्हणत. टीव्ही पुरस्कारांना टेलिव्हिजनचे आद्य संशोधक जॉन लोगी बेअर्ड यांच्यावरून ‘लोगी’ हे नाव सुचवले तेही त्यानेच.

आता टेप पुसण्याविषयी. व्हिडिओ टेप आली तेव्हा ती दोन इंच रुंद आणि अतिशय महाग होती. कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसून पुन्हा वापरणे हा हिशेबी शहाणपणा मानला जाई. घरोघरी व्हीसीआर नव्हते, त्यामुळे जुने भाग पुन्हा कोणाला हवे असतील हा विचारच नव्हता. एबीसीवर १९६७ ते १९७७ या काळात ‘बेलबर्ड’ ही ग्रामीण जीवनावरची मालिका चालली. सोमवार ते गुरुवार, सातच्या बातम्यांआधी पंधरा मिनिटे. चार्ली कझन्स हे त्यातले पात्र गव्हाच्या कोठारावरून पडून मेले तेव्हा प्रेक्षक हादरले, आणि तो प्रसंग त्या पिढीला अजून आठवतो. मालिकेचे मात्र फारच थोडे भाग शिल्लक आहेत.

१ मार्च १९७५ ला रंगीत प्रसारण अधिकृतपणे सुरू झाले आणि कृष्णधवल कार्यक्रमांची उरलीसुरली किंमतही गेली. १९७२ मध्ये आलेल्या ‘नंबर ९६’ या मालिकेने तेव्हा डबघाईला आलेल्या ०-१० नेटवर्कला अक्षरशः वाचवले होते. तिचेही बहुतेक कृष्णधवल भाग पुसले गेले. ज्या मालिकेने वाहिनी तारली, तिच्याच टेप जपायला जागा आणि पैसा मिळू नये, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

सर्वांत जास्त हळहळ होते ती ‘काउंटडाउन’ या पॉप गाण्यांच्या कार्यक्रमाची. १९७४ ते १९८७, एबीसी, रविवारी संध्याकाळी सहा. मॉली मेल्ड्रम हा सूत्रसंचालक अडखळत, वाक्य अर्धवट सोडत बोलायचा. १९७७ मध्ये प्रिन्स चार्ल्ससमोर त्याची झालेली त्रेधा अजून सांगितली जाते. रविवारी जे गाणे इथे वाजले तेच सोमवारी शाळेत सगळ्यांच्या तोंडी. अब्बा या स्वीडिश पॉप गटाला ऑस्ट्रेलियाने डोक्यावर घेतले त्यात या कार्यक्रमाचा मोठा हात होता. आणि त्याच्याच सुरुवातीच्या वर्षांतले कितीतरी भाग एबीसीने पुसून टाकले.

ही चूक एकट्या ऑस्ट्रेलियाची नव्हती. २१ जुलै १९६९ ला, सिडनीच्या घड्याळात दुपारचे १२.५६ वाजले असताना, आर्मस्ट्राँगने चंद्रावर ठेवलेले पहिले पाऊल जगाने पाहिले ते कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीक केंद्राने टिपलेल्या चित्रातून. आठ-नऊ मिनिटांनी पार्क्सच्या ६४ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीचे चित्र घेतले गेले. मूळ संकेत साठवलेल्या टेप नासाने बहुधा नंतर पुसून वापरल्या. २००९ मध्ये नासाने ते चित्रण सुधारून पुन्हा तयार केले, तेव्हा उपयोगी पडलेल्या प्रतींमध्ये सिडनीत ध्वनिचित्रमुद्रित झालेली एक टेप होती.

या आठवणींत आपलाही वाटा आहे. चॅनेल नाइनचा मालक केरी पॅकर याला १९७६ मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाचे हक्क नाकारले गेले, त्यातून १९७७ ची वर्ल्ड सिरीज ही त्याची स्वतंत्र क्रिकेट स्पर्धा उभी राहिली. खेळपट्टीच्या दोन्ही टोकांना कॅमेरे, दिव्यांखालचे सामने, पांढरा चेंडू, रंगीत कपडे, शून्यावर बाद झालेल्या फलंदाजासोबत रडत जाणारे बदक, आणि समालोचक रिची बेनो यांचे मोजके शब्द. १९८५ मध्ये मेलबर्नला गावसकरच्या संघाने पाकिस्तानला हरवले आणि शास्त्रीच्या ऑडीत अख्खा संघ मैदानभर फिरला. ते आपल्या डोळ्यांत भरून राहिले चॅनेल नाइनच्या कॅमेऱ्यांमुळे. पुढे भारताच्या दौऱ्यांत पहाटे उठून सामने पाहणाऱ्या मराठी घरांना बेनो यांचा आवाज घरातल्या माणसासारखा ओळखीचा झाला.

जे वाचले ते बहुतांशी हौशी लोकांमुळे आणि जुन्या टेप टाकून द्यायला मन न झालेल्या कर्मचाऱ्यांमुळे. अशा गोष्टी सांभाळण्याचे काम कॅनबेराचे राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालय १९८४ पासून करत आहे. २०१५ मध्ये या संस्थेने बजावले होते की २०२५ पर्यंत डिजिटल न झालेल्या चुंबकीय टेप बहुतेक कायमच्या जातील. टेप तर खराब होतातच, पण त्या वाजवणारी यंत्रे आता कोणी बनवत नाही, सुटे भाग मिळत नाहीत आणि ती यंत्रे दुरुस्त करता येणारे तंत्रज्ञ एकेक करून निवृत्त होत आहेत.