खिडकीतली नळी: बाळाच्या काविळीच्या रक्ततपासणीची पार्श्वभूमी

चार दिवसांचं बाळ. सकाळी गडहिंग्लजच्या लॅबमध्ये बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, १६.८ मिलिग्रॅम (दर डेसिलिटरला) आलं आणि संध्याकाळी बेळगावात १४.२. घरातली सगळी विचारात पडतात, खरा आकडा कुठला? सीमाभागात हा प्रश्न पडायला कारण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर चंदगड-गडहिंग्लजकडे आणि सासर शहापूर-वडगावला, नाहीतर उलट. त्यामुळे एकाच बाळाची पहिली तपासणी एका राज्यात होते, दुसरी दुसऱ्या राज्यात. सोयरीक जुळवताना आपण ही हद्द कधी मानली नाही. पण दोन लॅबचे आकडे शेजारी शेजारी ठेवताना थोडं थांबायला हवं.

आपण कावीळ म्हणतो, शेजारी कन्नडमध्ये कामाले म्हणतात. पूर्ण दिवसांच्या दहा बाळांतली साधारण सहा पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात, अपुऱ्या दिवसांची आठ. जन्मानंतर तांबड्या पेशी झपाट्याने फुटतात, त्यातून बिलिरुबिन तयार होतं आणि कोवळं यकृत ते वेळेवर बाहेर टाकू शकत नाही. बहुतेकांचं आपोआप ओसरतं. थोड्यांचं मात्र इतकं वाढतं की ते मेंदूत उतरतं, मग कायमचा बहिरेपणा येतो, हातापायांवरचा ताबा जातो. या मेंदूविकाराला ‘कर्निक्टेरस’ हे नाव १९०३-०४ च्या सुमारास जर्मनीत श्मोर्ल यांनी दिलं. पण किती बिलिरुबिनला धोका, हे कळायला आधी ते मोजता यायला हवं होतं.

मोजणीचा पाया पॉल एर्लिख यांनी १८८३ साली घातला. डायझो नावाचं रसायन मिसळलं की बिलिरुबिनला गुलाबी-जांभळा रंग चढतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे डच डॉक्टर व्हान डेन बर्ग यांना दिसलं की काही बिलिरुबिन लगेच रंग देतं, काही अल्कोहोल घातल्यावरच. आजच्या रिपोर्टवरचे ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ हे रकाने तिथून आले. नवजात बाळात बहुधा हा दुसराच वाढलेला असतो. १९३७ मध्ये मॅलॉय आणि एव्हलिन यांनी मिथेनॉल वापरून एक पद्धत बसवली, १९३८ मध्ये येंद्रासिक आणि ग्रोफ यांनी कॅफीन वापरून दुसरी. या दोन्ही पद्धती, सुधारलेल्या रूपात, आजही लॅबमध्ये चालतात. दोन रिपोर्टांत फरक पडण्याचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९५६ साल, म्हणजे भाषावार प्रांतरचनेत आपला भाग म्हैसूर राज्यात गेला ते वर्ष. इंग्लंडमधल्या एसेक्सच्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हाला नेत असत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. त्याचं अंग फिकट झालं होतं, पण दुपट्याच्या कोपऱ्याखाली झाकलेला तुकडा तेवढा पिवळाजर्द राहिला होता. काही आठवड्यांनी काविळीच्या बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात तशीच राहून गेली, आणि बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा खूप कमी आलं. नवं रक्त काढलं तर आकडा पुन्हा चढा. क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी हा धागा पकडला. प्रकाशाने बिलिरुबिन मोडतं, हे त्यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. बाळाला निळ्या लाइटखाली ठेवण्याचा उपचार त्यातूनच उभा राहिला. ज्या चुकीने रिपोर्ट फसला, तिनेच हजारो बाळांचे मेंदू वाचवले. मला या घटनेचं नवल अजून सरत नाही. तरीही ती चूक चूकच आहे. नळी आजही उन्हात राहिली तर आकडा खोटाच येणार, आणि खोटा म्हणजे कमी. घाबरायला हवं तिथे तो धीर देतो.

तेव्हा बाळाच्या अंगातलं रक्त बदलण्याचा निर्णय वीसच्या आसपासच्या एका आकड्यावर घेतला जाई. म्हणून लॅबमधले फरक जिवावर बेतणारे होते. एका लॅबचे वीस दुसरीकडे सतरा किंवा तेवीस निघत, कारण ज्या शुद्ध बिलिरुबिनवरून यंत्र जुळवायचं, तेच प्रत्येकाचं वेगळं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि लॅबवाल्यांच्या संघटनांनी १९६२ मध्ये एकसारख्या प्रमाणद्रव्याची शिफारस केली. फरक कमी झाले, संपले नाहीत.

नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नाही, हे १९९९ मध्ये आणखी स्पष्ट झालं. भारतीय वंशाचे डॉ. विनोद भुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८४० बाळांच्या नोंदींवरून तासागणिक आलेख काढला. बारा हा आकडा चौथ्या दिवशी साधा, पहिल्या चोवीस तासांत गंभीर. जन्माची वेळ आणि रक्त काढल्याची वेळ रिपोर्टसोबत नसेल तर डॉक्टरला तो नीट वाचता येत नाही. आकडा तासाला किती चढतो तेही पाहिलं जातं. पहिल्या दिवसानंतर ताशी ०.२ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त वेगाने चढत असेल तर रक्तपेशी प्रमाणाबाहेर फुटताहेत का याचा शोध घेतात. दोन लॅबमध्येच दोनचा फरक असेल, तर हा वेग मोजणार कसा? म्हणून फेरतपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी.

टाचेला टोचून, पिळून काढलेल्या रक्तात पेशी फुटतात. डायझो पद्धतीत, विशेषतः मॅलॉय-एव्हलिनमध्ये, त्या हिमोग्लोबिनमुळे आकडा कमी येतो. नवजात विभागांतली काही छोटी यंत्रं रसायनाशिवाय थेट पिवळेपणा मोजतात. ती लहान बाळांतच चालतात, कारण मोठ्यांच्या रक्तात गाजर-भाज्यांतून आलेला पिवळा रंगही असतो. कपाळाला लावून त्वचेवरूनच पिवळेपणा मोजायचं यंत्र १९८० मध्ये जपानमध्ये यामानोउची यांनी पुढे आणलं. टोचावं लागत नाही हा त्याचा मोठा गुण. पण निळ्या लाइटखाली त्वचा आधी फिकी पडते, तिथे ते फसतं, आणि आकडा उपचाराच्या रेषेजवळ गेला की रक्त काढावंच लागतं.

आता कणकुंबी, जांबोटी किंवा खानापूरच्या जंगलातल्या वाडीचा विचार करा. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात. सावळ्या बाळाचा पिवळेपणा कंदिलासारख्या उजेडात त्यांनाही चटकन कळत नाही, बोटाने कातडी दाबून, खिडकीजवळ नेऊन पाहावं लागतं. आजी म्हणते, कोवळं ऊन दाखवा, उतरेल. उन्हाने पिवळेपणा ओसरतो हे तिचं निरीक्षण खरं आहे, रॉचफर्डच्या अंगणात तेच दिसलं. पण सकाळच्या उन्हाची मात्रा मोजता येत नाही, उघडं बाळ गारठतं, आणि वरून फिकट दिसणाऱ्या बाळाच्या रक्तातला आकडा चढतच राहू शकतो. तपासणी लांबणीवर पडते ती इथे.

आणि रक्त गावातच काढलं तर नळी बेळगावपर्यंत जाणार कशी? एसटीत, मोटारसायकलच्या डिकीत, ड्रायव्हरच्या काचेपुढे. म्हणून ती काळ्या किंवा चांदीच्या कागदात गुंडाळून, थंड ठेवून, वेळ लिहून पाठवायची असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडून लॅबना खरा आकडा न सांगता नमुने येतात आणि त्यांचे आकडे इतरांशी ताडून पाहिले जातात. अशा योजनेत आपली लॅब आहे का, हे रक्त देताना बिनधास्त विचारता येतं. पण तो नमुना वेल्लोरहून नीट बांधून आलेला असतो. बाळाची नळी कशी आली, किती वाजता निघाली, उन्हात किती राहिली, हे फक्त ती आणणाऱ्या मामाला किंवा काकाला ठाऊक असतं. त्याला कोणी विचारत नाही.