डेस्कटॉपवर वाय-फायची खूणच दिसत नाही तेव्हा

मोबाइलवर वाय-फाय व्यवस्थित चालतंय, लॅपटॉपवरही चालतंय, आणि त्याच खोलीतल्या डेस्कटॉपवर मात्र वाय-फायची खूणच नाही. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटपासून पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसपर्यंत ही तक्रार सारखीच, आणि खापरही सगळीकडे राउटरवरच फुटतं. नवा राउटर येतो, पैसे जातात, डेस्कटॉप होता तिथेच राहतो. हे टाळता येतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

आधी आपली तक्रार नेमकी कोणती ते ठरवा. नेटवर्कची यादी दिसते, पण आपलं नेटवर्क त्यात नाही किंवा जोडलं जात नाही, ही एक तक्रार. वाय-फायचा पर्यायच नाही, फक्त 'इथरनेट' (म्हणजे केबलने येणारं नेट) दिसतं, ही पूर्ण वेगळी. या दुसऱ्या तक्रारीशी राउटरचा काडीचाही संबंध नाही. संगणकाला स्वतःचा रेडिओ सापडत नाहीये, एवढाच तिचा अर्थ.

वाय-फाय म्हणजे मुळात रेडिओच, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास बोलणारा आणि ऐकणारा. मोबाइल-लॅपटॉपमध्ये तो बनतानाच बसवलेला असतो. डेस्कटॉपमध्ये तो असेलच असं नाही. असेंबल केलेल्या, विशेषतः स्वस्त पीसीच्या मदरबोर्डवर (सगळे भाग जिथे जोडले जातात त्या मुख्य पाटीवर) नुसतं लॅन केबलचं पोर्ट असतं. त्यामुळे पहिली तपासणी डोळ्यांनीच करायची. कॅबिनेटची मागची बाजू बघा. तिथे अँटेना असेल, किंवा अँटेना फिरवून बसवायची आटे असलेली दोन छोटी सोनेरी टोकं असतील, तर आत रेडिओ आहे. ती नसतील आणि यूएसबी डोंगलही (यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा छोटा वाय-फाय रेडिओ) लावलेलं नसेल, तर बहुधा रेडिओच नाही. मग सेटिंगमध्ये कितीही शोधाशोध केली तरी व्यर्थ. मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारं वाय-फाय कार्ड किंवा डोंगल घ्यावंच लागेल.

रेडिओ आहे, पण विंडोजला दिसत नाही, ही सगळ्यात जास्त वेळा भेटणारी अवस्था. फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली की हमखास. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स' ही ओळ उलगडा. तिथे वायरलेस नावाचं काही नसेल, तर 'अदर डिव्हायसेस'खाली 'नेटवर्क कंट्रोलर' आणि त्यावर पिवळं उद्गारचिन्ह दिसतंय का ते पाहा. दिसलं तर काळजी मिटली म्हणायची: वस्तू जागेवर आहे, तिच्याशी बोलायचं कसं हे सांगणारा ड्रायव्हर तेवढा नाही. त्यावर डबल क्लिक केल्यावर कोड २८ दिसला तर ड्रायव्हर नाही हे पक्कं. कोड २२ म्हणजे कुणीतरी ते बंद करून ठेवलंय. राइट क्लिक करून 'एनेबल' केलं की झालं. कोड १० असेल तर ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही.

आता ड्रायव्हर कुठला शोधायचा? त्याच खिडकीत 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. 'व्हीईएन' (VEN) नंतर येणारी चार अक्षरं म्हणजे उत्पादकाची ओळख. ८०८६ असेल तर इंटेल (१९७८ सालच्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच हा क्रमांक), १०ईसी असेल तर रिअलटेक, १४सी३ असेल तर मीडियाटेक. मला हा सगळ्या तपासातला सर्वांत समाधान देणारा क्षण वाटतो, कारण इथे अंदाज संपतो आणि खात्री सुरू होते. ड्रायव्हर शक्यतो मदरबोर्डच्या किंवा चिपच्या उत्पादकाच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' सांगणारी सॉफ्टवेअर्स टाकू नका.

पण ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा! यावर उपाय खिशातच आहे. अँड्रॉइड मोबाइल डेटा केबलने डेस्कटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. विंडोज फोनला लॅनसारखं वागवते. बहुतेक फोन स्वतः पकडलेलं वाय-फायही असंच पुढे देतात, म्हणजे मोबाइल डेटाही खर्च होत नाही. नुसती चार्जिंगची केबल मात्र इथे चालणार नाही.

काल चालू होतं, आज गायब, असं झालं तर वेगळं बघावं लागतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलते, अडकलेल्या ड्रायव्हरसकट. 'रीस्टार्ट' मात्र खरोखर नव्याने सुरुवात करतं. शिवाय संगणक बंद असला तरी प्लग चालू असेपर्यंत मदरबोर्डला ५ व्होल्टचा थोडा पुरवठा चालूच असतो, आणि त्यावर कार्ड त्याच बिघडलेल्या स्थितीत अडकून राहू शकतं. म्हणून शट डाउन करून भिंतीवरच्या स्विचबोर्डचं बटण बंद करा, पॉवर केबल काढा, पीसीचं पॉवर बटण पंधराएक सेकंद दाबून धरा आणि मग सुरू करा. यानेही नाही भागलं, तर केबल काढलेलीच ठेवून कॅबिनेट उघडा आणि कार्ड स्लॉटमधून काढून परत घट्ट बसवा. यंत्रमागाजवळच्या ऑफिसात धूळ आणि कापसाचे तंतू आत साचतात, वर मागांचा हादरा असतो. तिथे ही तपासणी आधी करावी.

यादी दिसते पण सिग्नल अगदी क्षीण, तेव्हा पुन्हा मागे जाऊन बघा. कार्डाच्या अँटेना अनेकदा खोक्यातच राहून गेलेल्या असतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटीमीटर आणि ५ गिगाहर्ट्‌झची सुमारे ६. अँटेनाचं माप या लांबीला जुळवलेलं असतं. नुसत्या उघड्या टोकाला ते काम जमत नाही. त्यात डेस्कटॉपचं कॅबिनेट लोखंडी, टेबलाखाली भिंतीला चिकटवलेलं, आणि अँटेना नेमकी मागे. धातूचा पत्रा या लहरी आरपार जाऊ देत नाही, परतवतो. पत्र्याच्या शेडमध्ये हा त्रास आणखी वाढतो. पेठांमधल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींत ५ गिगाहर्ट्‌झ फार लवकर दम तोडतं, तिथे २.४ वापरून बघावं.

डोंगल वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. यूएसबी ३.० पोर्टमधून डेटा धावताना २.४ गिगाहर्ट्‌झच्याच पट्ट्यात रेडिओ-गोंगाट होतो. इंटेलने २०१२ साली हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. शेजारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली की वाय-फाय तुटतं, त्याचं कारण हेच असू शकतं. डोंगल मीटरभर एक्स्टेन्शन केबलने टेबलावर, कॅबिनेटपासून लांब आणा. धातूची आड आणि गोंगाट दोन्ही टळतात.

आणि जो पीसी कधी जागचा हलणारच नाही, उदाहरणार्थ कारखान्यातला हिशेबाचा, त्याला मी तरी लॅन केबलच टाकायला सांगेन. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देते, आणि वाटेत पत्रा आला काय नि दगडी भिंत आली काय, तिला फरक पडत नाही.