कुत्रं पाळा, बीपी कमी होतं म्हणे : ही भानगड सुरू कुठनं झाली?

सकाळी रंकाळ्यावर चक्कर मारली तर हल्ली माणसांच्या बरोबरीनं कुत्री फिरताना दिसतात, लॅब, पामेरियन, आणि एखादं बिचारं हस्की, कोल्हापूरच्या मे महिन्यात जीभ बाहेर काढून. आमच्या गल्लीतले एक काका रिटायर झाल्यावर घरात बसून बसून लई चिडचिडे झालेले, पोरानं लॅबचं पिल्लू आणून दिलं, आता काका रोज पहाटे पट्टा धरून बाहेर आणि विचारलं की सांगतात, डॉक्टरनीच सांगितलंय बाबा, बीपीला चांगलं असतं.

खरं तर तब्येतीसाठी जनावर पाळायचं ही कल्पना आपल्याकडं नव्हतीच. जनावर कामाचं, नायतर मानाचं. शाहू महाराजांच्या काळात हत्तींची साठमारी व्हायची, म्हणजे मैदानात हत्तीला डिवचून खेळवायचं, त्या जागेला अजून साठमारीच म्हणतात, आणि संस्थानात शिकारीला पाळीव चित्ते होते. बैलाला बेंदराला पुरणपोळी. म्हैस तर घरातलं माणूसच, दिवाळीत शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, मालक सायलेन्सर काढलेल्या गाडीवर पुढं आणि म्हैस त्याच्या हाकेवर मागनं पळत सुटलेली, हे ज्यानं बघितलंय त्याला माया म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तब्येतीचा संबंध काय तो गंगावेशीच्या कट्ट्यावर, समोर काढलेल्या धारोष्ण दुधाच्या ग्लासात.

आणि कुत्रं? ते दारात. घरात नाही. याला एक मोठं कारण पिसाळलेल्या कुत्र्याची भीती. पाश्चरनं 1885 मध्ये रेबीजची लस माणसाला दिली खरी, पण आपल्याकडं पुढं कित्येक दशकं मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस चालायची, पोटात चौदा इंजेक्शनं, चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, नुसतं नाव काढलं तरी पोटावर हात जातो. ती लस भारतात 2004 च्या सुमाराला बंद झाली. कुत्रं अंगणातनं सोफ्यावर यायला ही भीती कमी होणं गरजेचं होतं असं आपलं माझं मत.

तिकडं इंग्लंडात मात्र यॉर्क गावात 1796 ला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मनोरुग्णांसाठी एक घर काढलं, तिथं साखळदंडाऐवजी अंगणात ससे, कोंबड्या सोडलेल्या, रुग्णांनी त्यांची काळजी घ्यायची. पुढं फ्लोरेन्स नाइटिंगेलनं पण लिहून ठेवलं की दीर्घ आजारी माणसाला छोट्या प्राण्याची सोबत चांगली. बाईनं स्वतः घुबड पाळलेलं, आपल्याकडं कुणी पाळलं असतं तर गल्लीनं बोलणं टाकलं असतं.

पण याला शास्त्राचं रूप आलं ते अपघातानंच. न्यूयॉर्कचे बोरिस लेविन्सन लहान मुलांचे मानसोपचार करायचे, त्यांचं कुत्रं जिंगल्स एकदा सहज खोलीत होतं आणि कुणाशी न मिसळणारा एक मुलगा थेट त्याच्याशी खेळायला लागला. त्यावर त्यांनी 1962 ला लेख लिहिला. बाकीच्यांनी चेष्टाच केली, फीमधला कुत्र्याचा वाटा किती असंही विचारलं म्हणे.

मग 1980 चा अभ्यास, खरा विषय हार्ड इथंच झाला. एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकारानं दवाखान्यात दाखल झालेल्या 92 लोकांवर वर्षभर लक्ष ठेवलं. शोधत होते ते माणसाच्या एकूण गोतावळ्याचा तब्येतीवर काय परिणाम होतो ते, प्राणी हा त्यातला नुसता एक प्रश्न. आणि निघालं काय, तर प्राणी पाळणाऱ्या 53 जणांतले 3 गेले, न पाळणाऱ्या 39 जणांतले 11. कुत्रं फिरवायला चालणं होतं म्हणून असेल म्हणावं तर बाकीचे प्राणी पाळणारेही टिकले होते. 1992 ला मेलबर्नमध्ये पाच हजारावर लोक तपासले, पाळणाऱ्यांचं रक्तदाब आणि चरबीचं प्रमाण जरा कमी दिसलं. 2015 ला जपानी लोकांनी दाखवलं की कुत्रं आणि मालक एकमेकांच्या डोळ्यात बघत बसले की दोघांच्यातही ऑक्सिटोसिन, म्हणजे माया-जवळिकीशी जोडलेलं शरीरातलं संप्रेरक, वाढतं.

इथं एक मेख आहे, जी व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डमध्ये कुणी सांगत नाही. ज्याच्याकडं आधीच पैसा, जागा आणि चालायची ताकद आहे तोच कुत्रं पाळतो, मग बरा राहिला तो कुत्र्यामुळं की आधीपासनंच बरा होता? नंतरच्या काही अभ्यासांत फायदा दिसलाही नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2013 ला सांगितलं की संबंध असू शकतो, विशेषतः कुत्र्याचा, पण निव्वळ हृदयासाठी म्हणून प्राणी घेऊ नका.

काकांना हे सगळं सांगून बघितलं. ते म्हणाले, "आरं मी नाही फिरलो तर चालतंय, पण त्येला न्यायला नको होय? दारात बसून रडतंय ते." आणि चपला घालून निघाले पण.