ओखा बंदराच्या आधीचं शतक: बडोद्याचा किनारा आणि खालशाची जकात

बडोदे शहर समुद्रापासून दूर. गायकवाडांच्या राज्याला किनारा होता, हे आज दांडिया बाजार-रावपुऱ्यात वाढलेल्या मराठी मुलांनाही सांगावं लागतं. राज्य सलग नव्हतंच: कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत, आणि अधेमधे पसरलेला खालसा, म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलाखालचा, मुलूख व इतर संस्थानं. नवसारीकडे पूर्णा आणि अंबिकेच्या मुखांजवळची नवसारी-बिलिमोऱ्याची छोटी बंदरं होती. काठेवाडात कोडीनारचा किनारा होता, आणि पार पश्चिमेच्या टोकाला ओखामंडळ, म्हणजे द्वारका आणि तिच्यासमोरचं बेट द्वारका. ओखामंडळ १८१७ साली गायकवाडांकडे आलं. त्याआधी तिथल्या वाघेर जमातीची चाचेगिरी मोडायला इंग्रजांनी तिथे फौज धाडली होती, आणि १८५९ मध्ये वाघेरांच्या उठावात बेट व द्वारकेवर इंग्रजांच्या तोफा पुन्हा चालल्या. मालकी बडोद्याची असली तरी त्या समुद्रावर लक्ष इंग्रजांचंच होतं.

१८५५ साली कंपनी सरकारने बंदरांसाठी बावीसावा कायदा केला. पुढे १८७५ आणि १८८९ मध्ये तो सुधारून नव्याने आला. यांतली कलमं वाचताना लाकडी गलबतांचं जग समोर उभं राहतं. जहाज कुठे नांगरायचं ते बंदराचा अधिकारी सांगणार. जहाजातली भरताड, म्हणजे तोल राखायला भरलेले दगड-माती, बंदरात टाकायची नाही, कारण त्याने खोली कमी होते. मनाई असेल तिथे जहाजावर डांबर उकळायचं नाही, उघड्या दिव्याच्या उजेडात पिंपातलं मद्य काढायचं नाही. एका जहाजाला आग लागली की शेजारची दहा पेटत. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पैशाची तरतूद: बंदराच्या नावाने घेतलेल्या पट्टीचा हिशोब त्या बंदरापुरता ठेवायचा आणि ती त्याच बंदरावर खर्च करायची. मुंबईत तर १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टच स्थापन झाला. गोद्या, धक्के, गाळ उपसणं यांसाठी पैसा उभा करणारी कायमची संस्था तिथे तयार झाली.

हे कायदे खालशाचे. बडोद्याच्या बंदरांचा कारभार संस्थानाकडे असला, तरी त्यांचा व्यापार बांधला गेला तो जकातीने. १८७८ च्या सागरी जकात कायद्याच्या नजरेत ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरचं बंदर ते परकं बंदर. बिलिमोऱ्याचं लाकूड मुंबईच्या धक्क्यावर उतरलं, तरी ते परमुलखातून आलेलं. त्यात १८६४ मध्ये मुंबई-अहमदाबाद रेल्वे पुरी झाली आणि गुजरातचा कापूस खाड्या सोडून थेट मुंबईकडे जाऊ लागला. नवसारी प्रांतातल्या बंदरांना हा फटका मोठा होता.

या कोंडीवरचा एक तोडगा ज्याला ठाऊक होता, तो माणूस १८७५ मध्ये बडोद्याला दिवाण म्हणून आला. सर टी. माधवराव, कुंभकोणमचे मराठी. त्रावणकोरचे दिवाण असताना, १८६५ मध्ये, त्यांच्या कारकिर्दीत इंग्रज, त्रावणकोर आणि कोचीन यांच्यात करार झाला होता. संस्थानांनी जकातीचे दर इंग्रजांच्या दरांशी जुळवायचे, आणि बदल्यात तिकडून खालशात येणाऱ्या मालावरचा अडसर काढायचा. बडोद्यात मात्र त्यांच्यापुढे महाराज मल्हाररावांच्या काळात विस्कटलेली राज्याची घडी सावरण्याचं काम होतं, आणि तुकड्या-तुकड्यांतला किनारा त्रावणकोरसारखा एकसंधही नव्हता.

१८८२ मध्ये इंग्रज सरकारने मीठ-मद्यासारखे अपवाद सोडून बहुतेक आयात जकात काढून टाकली, तेव्हा हा भेद काही वर्षं निवला. १८९४ मध्ये पाच टक्के जकात परत आली आणि दुखणं उलटलं. काठेवाडच्या संस्थानी बंदरांत कमी जकातीत माल उतरवून जमिनीवरून गुजरातेत आणणं आता व्यापाऱ्याला परवडू शकत होतं. ती गळती रोखायला विसाव्या शतकाच्या आरंभी काठेवाडच्या वेशीवर विरमगामला जकातीची रेषा आखली गेली. व्यापाऱ्याइतकाच त्रास आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातल्या उतारूला झाला. १९१५ मध्ये वढवाणचे शिंपी मोतीलाल यांनी गांधीजींपुढे हे गाऱ्हाणं मांडलं, आणि १९१७ मध्ये रेषा उठली.

सयाजीराव महाराजांनी ओखा बंदर बांधून घेतलं, ते या पार्श्वभूमीवर. बेटाच्या आडोशाला, कच्छच्या आखाताच्या तोंडाशी, मोठी जहाजं लागतील एवढं पाणी तिथे होतं. खाड्यांतल्या बंदरांना ते कधीच मिळालं नव्हतं. बंदर १९२६ मध्ये सुरू झालं, आणि १९२७ मध्ये विरमगामची रेषा इंग्रजांनी पुन्हा आखली. जामनगर, भावनगर यांच्याप्रमाणे बडोद्यालाही आपल्याच बंदरात उतरलेला माल आपल्याच गुजरातेतल्या प्रांतांत नेताना ती ओलांडावी लागली. संस्थानाने जकातीच्या हक्कासाठी घातलेले पुढचे वाद या एका अडचणीतून निघालेले आहेत.